अकरा गावं, दोन नगरसेवक: पुण्याच्या नकाशावरून पुसलेल्या ‘प्रभाग ४२’चा हिशेब

लोहगाव कुठं, धायरी कुठं! एक विमानतळाच्या पलीकडं, शहराच्या ईशान्येला. दुसरं सिंहगड रस्त्याला, नैऋत्येला. मधे अख्खं पुणे शहर. गाडीनं जायचं तर वीस-पंचवीस किलोमीटर आणि ट्रॅफिक लागलं तर दीड तास कुठं जात नाही. तरीही ही दोन गावं काही वर्षं एकाच प्रभागात होती. एकच मतपत्रिका, तेच उमेदवार, तेच दोन नगरसेवक. आणि ही दोनच नाहीत, त्यांच्याबरोबर आणखी नऊ गावं होती.

हा होता पुणे महापालिकेचा प्रभाग क्रमांक ४२, ‘लोहगाव-फुरसुंगी’ या नावानं ओळखला गेलेला. २०१९ च्या जूनमध्ये तिथं मतदान झालं आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली तसा तोही संपला. त्यानंतर तो परत कधी निवडणुकीला आलाच नाही. आज पुण्याच्या नव्या नकाशात प्रभागांचे आकडे ४१ वर थांबतात. ४२ नंबर शिल्लकच नाही.

आता कुणी म्हणेल, शहराच्या प्रभागाचं आपल्या गावाला काय? तर हवेली, मुळशी, खेड, मावळ या पट्ट्यात ‘आपलं गाव महापालिकेत जाणार का’ हा विषय पारावर निघाला नाही असा आठवडा जात नाही. त्यात पाणी येईल का, घरपट्टी किती वाढेल, जमिनीचा भाव काय होईल, सगळं बोललं जातं. पण आपल्या मताचं काय होईल, हे कुणी विचारत नाही. प्रभाग ४२ मध्ये नेमकं तेच झालं. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

एकाच वर्षात दोनदा पत्ता बदलला

सुरुवात करू २१ फेब्रुवारी २०१७ पासून. त्या दिवशी पुणे महापालिकेचं मतदान होतं आणि पुणे जिल्हा परिषद-पंचायत समित्यांचंही. शहरातल्या लोकांनी नगरसेवक निवडले, आपण गट आणि गणातले सदस्य निवडले. तेव्हा जिल्हा परिषदेचे ७५ गट होते, त्यातले १३ एकट्या हवेली तालुक्यात. जिल्ह्यात हवेलीचा दबदबा होता तो या तेरा गटांमुळं. गट म्हणजे जिल्हा परिषदेच्या सदस्याचा मतदारसंघ आणि एका गटात पंचायत समितीचे दोन गण, हे आपल्याला माहीत आहेच.

या मतदानाला आठ महिने होत नाहीत तोच, ४ ऑक्टोबर २०१७ ला, सरकारची अधिसूचना निघाली आणि हवेलीतली अकरा गावं महापालिकेत गेली. लोहगाव, मुंढव्याचं केशवनगर, हडपसरची साडेसतरा नळी, शिवणे, उत्तमनगर, उंड्री, धायरी, आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द, फुरसुंगी आणि उरुळी देवाची. ही यादी वाचताना डोळ्यापुढं नकाशा आणा. शहराच्या ईशान्येपासून पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेपर्यंत ही गावं मण्यांसारखी पसरलेली आहेत. मधला दोरा म्हणजे शहर, आणि तो दुसऱ्याच प्रभागांचा.

अधिसूचनेनंतर ग्रामपंचायती संपल्या. सरपंच संपला, सदस्य संपले. दप्तर महापालिकेकडं गेलं. फेब्रुवारीत रांगेत उभं राहून गट-गणाला दिलेलं मत ऑक्टोबरात कागदावरचं झालं.

हा विषय काही अचानक आला नव्हता. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत घेतली होती, पुढं विरोधानंतर त्यातली काही पूर्ण, काही अर्धवट वगळली. मग ३४ गावांचा प्रस्ताव आला. तो २०१४ पासून फिरत होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथं सरकारनं सांगितलं की आधी अकरा गावं घेतो, उरलेली तेवीस टप्प्याटप्प्यानं तीन वर्षांत घेऊ. म्हणजे निर्णय व्हायचाच होता. प्रश्न वेळेचा आहे. फेब्रुवारी २०१७ च्या आधी ही गावं घेतली असती तर शहराचे प्रभाग आखतानाच ती शेजारच्या वस्तीला जोडली गेली असती. लोहगाव विमाननगरच्या बाजूला, उंड्री महंमदवाडीच्या बाजूला, आंबेगाव कात्रजच्या बाजूला. (आठ वर्षांनी शेवटी असंच केलं.) पण निवडणूक होऊन गेली आणि मग गावं घेतली. पुढचं सगळं त्या आठ महिन्यांच्या उशिरामुळं झालं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोनच जागा का? आकडेमोड बघा

२०१७ मध्ये पुण्यात ४१ प्रभाग होते. ३९ प्रभागांत चार-चार नगरसेवक, दोन प्रभागांत तीन-तीन. एकूण १६२. हे सगळे निवडून येऊन खुर्चीत बसलेले. आता मधेच अकरा गावं आली. बसलेल्या नगरसेवकांच्या प्रभागांच्या हद्दी मोडून गावं त्यात घालता येत नाहीत, ते सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीच होतं. मग उरला एकच मार्ग. नव्या भागाचा वेगळा प्रभाग. ४१ नंतर ४२.

आणि त्यात जागा किती द्यायच्या? इथं महापालिका कायद्यातलं सूत्र लागतं. मोठ्या शहरात लोकसंख्या ३० लाखांच्या पुढं गेली की वरच्या प्रत्येक एक लाखाला एक नगरसेवक वाढतो. ३० लाखांना १६१. पुण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाख २४ हजार. म्हणजे ३० लाखांवर एक पूर्ण लाख. १६१ अधिक १, झाले १६२. बरोबर.

अकरा गावं आल्यावर आकडा झाला १६४. दोन वाढले. याचाच अर्थ एकूण लोकसंख्या ३३ आणि ३४ लाखांच्या मधे कुठंतरी गेली. वजाबाकी करा: अकरा गावांची लोकसंख्या पावणेदोन लाख ते पावणेतीन लाख या दरम्यान येते. तीही २०११ ची. तेव्हापासून धायरी-आंबेगावला किती सोसायट्या झाल्या, केशवनगरला किती टॉवर उभे राहिले, ते येता-जाता आपण बघतोच. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं कागदावर सगळं २०११ लाच थांबलंय.

आता खरी गोम इथं आहे. जुन्या शहरात ३१ लाख २४ हजारांना १६२ नगरसेवक, म्हणजे सरासरी १९ हजार लोकांमागं एक. प्रभाग ४२ मध्ये कमीत कमी धरलं तरी ८८ हजार लोकांमागं एक. साडेचार पटीचा फरक! कसबा पेठेतल्या एका माणसाच्या मताचं जे वजन, ते मिळवायला फुरसुंगीतले साडेचार माणसं लागायची.

यात कुणी लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. हिशेब कायद्याप्रमाणेच झाला. ३० लाखांपुढं नगरसेवकांची संख्या भरमसाट वाढू नये म्हणून ते सूत्र केलंय, आणि सगळं शहर एकत्र धरून आखणी झाली तर ते ठीकही चालतं, कारण वाढलेल्या दोन जागांचा भार सगळ्या प्रभागांवर सारखा वाटला जातो. पण गावं मधेच आली, वेगळी राहिली, आणि ‘वरच्या लाखाला एक’ हे सूत्र फक्त त्यांच्याच डोक्यावर बसलं. १६२ जण आपापल्या हद्दीत शाबूत. तोटा सगळा नव्यानं आलेल्यांच्या वाट्याला.

तुलना आपल्याकडच्या व्यवस्थेशी पण करून बघा. तेव्हा जिल्ह्यात ढोबळमानानं चाळीस-पन्नास हजारांना एक जिल्हा परिषद सदस्य होता. त्या मापानं या अकरा गावांना चार-पाच जिल्हा परिषद सदस्य आणि त्याच्या दुप्पट पंचायत समिती सदस्य आले असते. वर प्रत्येक गावाची स्वतःची ग्रामपंचायत. मोठ्या गावाला सतरा सदस्य असतात. म्हणजे अकरा गावांत मिळून शंभराच्या वर माणसं अशी, की ज्यांच्या दारात जाऊन ‘नळाला पाणी का नाही’ असं विचारता येत होतं. त्या शंभराच्या जागी आले दोन.

आणि तेही लगेच नाही.

वीस महिने कुणीच नाही

ऑक्टोबर २०१७ ला सरपंच गेला. प्रभाग ४२ ची निवडणूक झाली जून २०१९ मध्ये. मधले वीस महिने या गावांना ना सरपंच, ना नगरसेवक. कर मात्र महापालिकेचा सुरू.

शेवटी मतदान झालं. दोन जागा, ‘अ’ आणि ‘ब’. प्रत्येक मतदाराला दोन मतं. कोण निवडून आलं, कुठल्या पक्षाचं, यावर इथं बोलायचं नाही. त्यांच्यावर टीका करण्यातही अर्थ नाही. जगातला सगळ्यात कामसू माणूस निवडला तरी तो सोमवारी लोहगावला, मंगळवारी केशवनगरला, बुधवारी उरुळीला असं करत आठवडा संपवेल आणि चार गावं तरीही राहतील. दोघं दोन गावचे असतील असं धरलं, तरी उरलेल्या नऊ गावांतला एकही माणूस सभागृहात नाही.

प्रचाराचं बघा. चार सदस्यांच्या प्रभागात उमेदवार पदयात्रा काढतो, गल्ल्या संपवतो. इथं पदयात्रा काढायची तर एका गावातून निघून दुसऱ्या गावात पोचायला दुसऱ्यांचे प्रभाग ओलांडायला लागतात. अशा निवडणुकीत साधा कार्यकर्ता उभा राहू शकत नाही. ज्याच्याकडं गाड्या आहेत, माणसं आहेत, प्रत्येक गावात पाहुणे-रावळे आहेत किंवा मागं मोठा पक्ष आहे, तोच टिकतो. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात चारशे-पाचशे मतांवर माणूस निवडून येतो. तसल्या माणसाला या प्रभागात काही जागा नव्हती.

विधानसभेच्या अंगानं तर आणखी गंमत. फुरसुंगी-उरुळी देवाची पुरंदर मतदारसंघात. साडेसतरा नळी, केशवनगरची बाजू हडपसरमध्ये. धायरी-शिवण्याची बाजू खडकवासल्यात. त्यामुळं लोकसभेला काही गावं बारामतीच्या खासदाराला मतं देणारी, काही शिरूरच्या. एक प्रभाग, पण त्याचे आमदार वेगळे, खासदार वेगळे, पोलीस ठाणी वेगळी, महापालिकेची क्षेत्रीय कार्यालयंही वेगवेगळी. नगरसेवक हा तळातला माणूस. त्यानं एका हद्दीत राहून काम करायचं असतं. इथं तळच विस्कटलेला.

समजा उत्तमनगरच्या एखाद्या म्हातारीला रहिवासाच्या कागदावर नगरसेवकाची सही पाहिजे. आधी चावडीवर जाऊन काम व्हायचं. आता नगरसेवक कुठं राहतो हे विचारण्यापासून सुरुवात. पोराला गाडी काढायला सांगायची, शहर ओलांडून जायचं, साहेब बैठकीला गेलेत म्हणून परत यायचं. हे आम्ही उदाहरणादाखल सांगतोय, पण अकरापैकी कुठल्याही गावात विचारा, कुणी ‘असं होत नव्हतं’ म्हणणार नाही.

पाणी, कचरा, पट्टी

मताचं वजन कमी झालं तर काय बिघडतं, असं वाटेल. त्याचं उत्तर तीन गोष्टींत आहे.

पहिली पट्टी. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि महापालिकेचा मिळकतकर यात जमीन-अस्मानाचा फरक. कायद्यात तो टप्प्याटप्प्यानं वाढवायची सोय आहे, पण वाढतोच. सुविधा मात्र त्या टप्प्यानं येत नाहीत. लोकांचा आवाज इतका वाढला की २०२४ मध्ये सरकारनंच समाविष्ट गावांतल्या करवसुलीला स्थगिती दिली. विचार करा, करावरची तक्रार सभागृहात मांडायला पुरेसे लोक असते तर ती मंत्रालयापर्यंत न्यायला लागली असती का? शिवाय गावाला येणारा पैसाही थांबला. चौदाव्या वित्त आयोगात निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत होता, गटार कुठं करायची, दिवे कुठं लावायचे हे गाव ठरवत होतं. घरकुल, रोजगार हमी या ग्रामीण योजनांच्या यादीतून गाव बाहेर पडलं. आणि ग्रामसभा? वर्षातून चार वेळा का होईना, गावकऱ्याला माइक हातात घेऊन विचारायचा हक्क होता. शहरात ग्रामसभा नाही.

दुसरी गोष्ट कचरा. उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो नव्वदच्या दशकापासूनचा. पुण्याचा कचरा आणून टाकायचा आणि विहिरीचं पाणी नासायचं ते यांच्या शिवारात. २०१७ च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरात ढीग साचले होते आणि सगळ्या पुण्याला ही दोन गावं कुठं आहेत ते कळलं. गंमत बघा. तेव्हा ती महापालिकेच्या हद्दीबाहेर होती आणि बाहेर राहून त्यांनी महापालिकेला जेरीस आणलं. त्याच वर्षी ती हद्दीत आली आणि १६४ जणांच्या सभागृहात दोन हातांची, तेही नऊ गावांबरोबर वाटून घ्यायच्या दोन हातांची, मालक झाली. कुठं जास्त ताकद होती, हे ज्यानं-त्यानं ठरवावं.

तिसरी गोष्ट पाणी, आणि ही सगळ्यात गंभीर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएस आजाराचे रुग्ण सापडायला लागले. हात-पाय लुळे पडणारा आजार. काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा बाहेर आलं की या गावांतल्या बऱ्याच भागाला विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जातंय, शुद्धीकरण प्रकल्पच नाही. यातली धायरी २०१७ पासून महापालिकेत. बाकीची २०२१ पासून. त्या जानेवारीत या लोकांनी फोन करायचा तरी कुणाला? सभागृह नव्हतं. प्रशासक होते, अधिकारी होते, आमदार धावत आले. पण ‘माझ्या प्रभागातल्या पाण्याचं काय’ असं वर्ष-दोन वर्षं आधीपासून डोकं खात बसणारा माणूस कुणी नव्हता.

नगरसेवक असता तर आजार आला नसता, असा दावा आम्ही करणार नाही. जुन्या शहरातही तेव्हा नगरसेवक नव्हतेच. पण जुन्या शहराच्या नळाला शुद्ध पाणी आणण्यासाठी पन्नास-साठ वर्षं नगरसेवक भांडले होते. नव्या गावांना भांडायला माणूस मिळायच्या आतच सभागृहाला कुलूप लागलं.

तेवीस गावांना तर तेही नाही

कुलूप लागलं ते १४ मार्च २०२२ ला. मुदत संपली, प्रभाग ४२ चे दोन नगरसेवकही माजी झाले. मग ओबीसी आरक्षणाचा वाद, कोर्टाच्या तारखा, प्रभाग रचना बदलणं. एकदा तीन सदस्यांच्या पद्धतीनं ५८ प्रभाग आणि १७३ जागांचा नकाशा तयार झाला. सरकार बदललं, तो नकाशा रद्द झाला, परत चार सदस्यांची पद्धत आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला पुण्यात मतदान झालं. ४१ प्रभाग, १६५ जागा.

अकरा गावांचं कॅलेंडर मांडा. ऑक्टोबर २०१७ ते जानेवारी २०२६ म्हणजे ९९ महिने. त्यातले ३३ महिने नगरसेवक होता. तीन भागांतला एक भाग. तोही अकरात वाटून.

प्रभाग ४२ वाईट होता असं वाटत असेल तर दुसऱ्या टप्प्यातल्या तेवीस गावांना विचारा. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, नांदेड, खडकवासला, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, होळकरवाडी, पिसोळी आणि बाकीची. ही ३० जून २०२१ ला महापालिकेत गेली. मुदत संपायला साडेआठ महिने राहिले होते, पोटनिवडणूक झालीच नाही. वाघोली ही राज्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतींपैकी एक होती. ग्रामपंचायत गेली आणि साडेचार वर्षं तिथं एकही निवडलेला माणूस नव्हता. या गावांना प्रभाग ४२ सारखा तुटका-फुटका प्रभागसुद्धा मिळाला नाही. महापालिका मात्र क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढं गेली आणि त्याच्या बातम्या अभिमानानं छापून आल्या.

इकडं जिल्हा परिषदेतही भगदाड पडलं. हवेलीचे १३ गट होते, ते नव्या रचनेत ६ राहिले. एकूण गट ७५ चे ७३. म्हणजे जिल्ह्याचे दोनच कमी दिसतात, पण हवेलीचे सात गेले. ज्या तालुक्याशिवाय जिल्हा परिषदेत पान हलत नव्हतं, त्याला आता इतरांच्या दारात जायला लागेल. शहरात गेलेल्यांचं सोडा, मागं राहिलेल्या पेरणे, थेऊर, लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या बाजूच्या गावांचंही वजन त्यामुळं घटलं. याची चर्चा फारशी होत नाही.

आता पुढं

नव्या रचनेत चूक बरीचशी सुधारली हे मान्य करायला हवं. लोहगाव विमाननगरला जोडलं, वाघोली खराडीला, उंड्री महंमदवाडीला, आंबेगाव कात्रज-बालाजीनगरला. तिथं एका प्रभागात पाच नगरसेवक आहेत. गावाला शेजारच्या वस्तीबरोबर ठेवलंय आणि मताचं वजनही बाकी शहराच्या बरोबरीला आलंय. आता भीती वेगळी आहे. जुन्या शहराच्या मतांपुढं गावठाणाचा माणूस निवडून येतो का? की उमेदवारी सोसायटीवाल्याला आणि गावाला फक्त बूथ? ते पुढच्या पाच वर्षांत दिसेल.

फुरसुंगी-उरुळी देवाचीनं वेगळी वाट धरली. महापालिकेतून आम्हाला काढा, अशी मागणी तिथं जोर धरून होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं तयारी दाखवली, सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही गावांची मिळून नगरपरिषद झाली आणि २०२५ च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक झाली. म्हणजे तिथल्या मतदारानं नऊ वर्षांच्या आत जिल्हा परिषदेला मत दिलं, महापालिकेला दिलं आणि नगरपरिषदेलाही दिलं. घर तेच, उंबरा तोच.

आणि हे इथंच थांबेल असं नाही. २०२५ मध्ये जिल्ह्यात आणखी महापालिका करायची भाषा झाली. चाकण, हिंजवडी, आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी देवाची या बाजूला. यातलं काय, कधी होतंय ते बघू. पण ज्या गावांची नावं त्या यादीत येतील, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत पाणी आणि पट्टीबरोबर तीन प्रश्न जरूर विचारून घ्यावेत. गाव निवडणुकीच्या आधी घेणार की नंतर? नंतर घेणार असाल तर मधल्या काळात आमचा निवडलेला माणूस कोण? आणि आमच्या गावाच्या वाट्याला किती हजारांमागं एक जागा? उत्तर तोंडी नको, ठरावात लिहून घ्या.

फुरसुंगीवाल्यांना हे सांगायला नको. त्यांच्या भागाची महापालिका खरंच झाली, तर चौथ्यांदा ओळखपत्र घेऊन नव्या रांगेत उभं राहायचंय.